कळ आणि कल

‘कळ’ हा एवढासा शब्द मराठीत किती कामे करतो, हे महाराष्ट्राबाहेर बदली झाल्याखेरीज ध्यानात येत नाही. यंत्राला कळ असते. गुपिताची कळ एखाद्याच्याच हाती असते. वात्रट पोर दुसऱ्याची कळ काढते. गुडघ्यातून कळ येते, आणि ती आली की घरातील वडीलधारी मंडळी ‘जरा कळ काढ’ म्हणून सांगतात. दुखणे ती कळ आणि दुखणे सोसणे तीही कळच.

उत्तरेत आल्यावर याच उच्चाराच्या आसपास ‘कल’ नावाचा शब्द भेटतो. तो कालही असतो आणि उद्याही. ‘कल-पुर्ज़े’ म्हणजे यंत्राचे भाग, तेथवर आपली आणि त्याची ओळख पटते. पण ‘कल न पड़ना’ म्हणजे चैन न पडणे! ज्या शब्दाने आपण यातना सांगावी, त्याच शब्दाने येथील लोक आराम मागतात. आमच्या आधी येथे नोकरी करून गेलेल्या एका मराठी गृहस्थांची गोष्ट वसाहतीत अजून सांगतात. त्यांनी दवाखान्यात जाऊन ‘घुटने में कल आती है’ असे सांगितले. त्यावर कंपाउंडरने अत्यंत नम्रपणे विचारले, ‘बाबूजी, कल आती है तो आज क्यों आए?’ गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. गणेशोत्सवात ती हटकून निघते आणि दरवर्षी सर्वजण नव्याने हसतात. आम्हीही हसतो, मात्र आमचे हसू अलीकडे थोडे लवकर आटोपते.

आमचा मुक्काम लखनौच्या मानक नगरात. या वस्तीचे नावच मापाचे आहे. १९३० सालचे सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचे रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर ही दोन्ही १९५७ साली एकत्र झाली आणि रेल्वेची ती संस्था जन्मली, जिला सारा देश आर.डी.एस.ओ. म्हणून ओळखतो. तिच्या नावातले ‘मानक’ वसाहतीलाही लागले. रुळाने किती भार सोसावा, स्प्रिंग किती दबावी, धावती गाडी किती अंतरात थांबावी, याचे आकडे येथे ठरतात आणि मग ते कन्याकुमारीपासून बारामुल्लापर्यंत पाळले जातात. ज्याला आकडा नाही त्याला येथे अस्तित्व नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अशा गावी आम्ही गेली अकरा वर्षे एक अशी वस्तू अंगात बाळगून आहो, जिला मोजण्याचे यंत्र कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

वस्तू एक म्हटली खरी. वास्तविक त्या तीन आहेत. पहिला आला तो आमवात, ज्याला डॉक्टर लोक रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराची संरक्षक फौज आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, असा हा प्रकार. त्यामागून गुडघ्यांची झीज आली. ती वयाच्या मानाने जरा आधीच आली, इतकेच. आणि या दोघांच्या मागून, दाराशी न थांबता, तिसरा पाहुणा आत शिरला: फायब्रोमायाल्जिया. सांधा सुजलेला नाही, हाड झिजलेले नाही, रक्ताचा तपास निर्दोष. आणि तरीही मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सारे स्नायू दुखतात, झोप होऊनही झोप झालेली नसते, आणि सकाळी उठताना रात्रभर कोणाच्या शेतात राबून आलो की काय असे वाटते. हे तिघे पाळीपाळीने येत नाहीत. एकाच रुळावर एकाच वेळी तीन गाड्या सोडाव्या, तसा त्यांचा कारभार आहे.

एका रोगाच्या माणसाला रोग असतो. तिघांच्या माणसाला आधी ओळखपरेड घ्यावी लागते. कारण तिघांची औषधे निराळी आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाही. आमवाताला मेथोट्रेक्सेट लागते, आणि ते आठवड्यातून फक्त एक दिवस. (चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते, ज्यांच्या घरी हे औषध असेल त्यांनी वार ठरवून तो भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवावा.) हे औषध आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात घडविलेल्या संयुगांच्या कुळातले. ते निघाले कर्करोगासाठी, आणि आज ते अल्प मात्रेत लक्षावधी लोकांच्या बोटांना वाकडे होण्यापासून वाचवीत आहे. सुब्बाराव १९४८ सालीच गेले. त्यांना याची कल्पनाही आली नसेल. गुडघ्याच्या झिजेवर मात्र या गुणी औषधाचा उपयोग नाही. तेथे मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन आटोक्यात ठेवणे हाच मार्ग. आणि तिसऱ्या पाहुण्यापुढे तर सूज उतरविणारी सारी औषधे निष्प्रभ ठरतात, कारण उतरवावयास तेथे सूजच नसते. युरोपातील संधिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत फायब्रोमायाल्जियासाठी निःशंक अशी शिफारस एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे व्यायाम. ज्याला हात उचलणे जड जाते त्यालाच व्यायाम सांगावा, हा विनोद वैद्यकशास्त्राने हेतुपुरस्सर केलेला नाही, एवढ्यावर समाधान मानावे.

आता ओळखपरेड घ्यायची कशी? आमवात किती जोरात आहे हे ठरविण्यासाठी एक मान्य माप आहे. त्यात अठ्ठावीस सांधे तपासतात: खांदे, कोपरे, मनगटे, हातांची बोटे आणि गुडघे. दाबल्यावर किती सांधे दुखले, किती सुजलेले आहेत, रक्तातील दाहाचा आकडा किती, आणि रोग्याला स्वतःला आपली प्रकृती शंभरात किती वाईट वाटते, असे चार घटक घेऊन एक गणित मांडतात. मानक नगरातल्या माणसाला हे गणित पाहून धन्य वाटावे. परंतु चारांपैकी दोन घटक रोग्याच्या जिभेवर अवलंबून आहेत, ही यातली ग्यानबाची मेख. ज्याला फायब्रोमायाल्जियाही आहे, त्याचे कोठेही दाबले तरी दुखते. आमवाताच्या सुमारे पाच रोग्यांत एकाला ही जोड असते, असे अभ्यासांतून दिसते. आणि अशा रोग्याचे गणित नेहमी फुगून येते.

आमचेही आले. सोळा सांधे दुखरे, सुजलेला एक, रक्ताचा आकडा स्वच्छ. एका दवाखान्यातील डॉक्टरांनी बेरीज पाहिली आणि औषध वाढविले. तीन महिन्यांनी बेरीज तीच. पुन्हा वाढविले, वर स्टेरॉइडची गोळी जोडली. माणूस सज्जन होता. बाहेर साठ रोगी उभे होते आणि त्याला आमच्याकडून एकच शब्द मिळत होता: ‘दर्द’. कारण हिंदीत आम्हांला तो एकच शब्द सांगण्यात आला होता. शाळेच्या पुस्तकात तोच, सिनेमाच्या गाण्यांत तोच, आणि दवाखान्याच्या छापील कागदावरही तोच. वाढीव औषधाने यकृताच्या तपासणीत आकडे चढले, तोंडात व्रण आले, आणि ज्याच्यासाठी हे सारे केले ते अंगदुखणे जागचे हलले नाही.

येथे मराठीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आमच्या आजीला शाळा माहीत नव्हती. पण दुखण्याच्या बाबतीत तिचा शब्दकोश कोणाही शल्यवैद्याने हेवा करावा असा होता. गळवाची ठसठस निराळी, दाढेचा ठणका निराळा. कमरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, पोटरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात. एकाच जागी फार वेळ धरून राहिल्यास हाताला रग लागते. तापाची कसकस असते, ताप येण्याआधी अंग मोडून येते, आणि दळणकांडण केल्यावर ते आंबून जाते. कातडीला नुसता पदर लागला तरी सोसवत नाही, तेव्हा ती हुळहुळते. हे शब्द अलंकारासाठी जन्मले नाहीत. घरात डॉक्टर नव्हता, गावात नव्हता, तालुक्याला एखादा. तेव्हा कोणते दुखणे शेकायचे, कोणते बांधायचे आणि कोणत्यासाठी बैल जुंपायचे, हे शब्दांवरूनच ठरत असे. आमवात हा इतर वातविकारांहून वेगळा काढून त्याला स्वतंत्र अध्याय देणाऱ्या माधवनिदानाच्या कर्त्याची दृष्टीही याच जातीची म्हणावी लागेल.

या कोशात आम्ही आमच्या तीन पाहुण्यांना उभे केले, आणि ते तिघे लगेच निरनिराळे दिसू लागले. आमवात ठणकतो, रात्री उत्तरार्धात ठणकतो आणि सकाळी बोटे ताठरतात, ती तासाभराने, हालचाल केल्यावर सैल होतात. गुडघ्यातून निघते ती कळ. जिना उतरताना, खाली बसून उठताना निघते, आणि बसले की थांबते. त्याचे सकाळचे आखडणे पंधरा-वीस मिनिटांचे. आणि तिसरे? ते ठणकत नाही आणि त्याला कळही नाही. ते आंबते आणि हुळहुळते. एकाचे दुखणे विश्रांतीने वाढते, दुसऱ्याचे विश्रांतीने उतरते, तिसऱ्याचा विश्रांतीशी काही संबंधच नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात भेद करण्याची लक्षणे हीच आहेत. आजीने फक्त ती क्रियापदांत घालून ठेवली होती.

ही काही एकट्या मराठीची थोरवी नव्हे. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली अठ्ठ्याहत्तर इंग्रजी शब्द वीस गटांत लावून एक प्रश्नावली केली. रोग्याने आपल्या वेदनेला जुळणारे शब्द निवडायचे, आणि त्या निवडीवरून वेदनेची जात ओळखायची. जगभर ती वापरली गेली. तिची भाषांतरे करणाऱ्यांना पहिली अडचण हीच आली की, शब्दाला शब्द देऊन काम भागत नाही. प्रत्येक भाषेने आपले दुखणे आपल्या रीतीने कापलेले असते.

हिंदी गरीब आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. शोध घेतल्यावर आम्हांला तेथेही भरलेले कोठार सापडले. टीस आहे, चिलक आहे, ऐंठन आणि जकड़न आहे. मुंग्यांना झुनझुनी आहे. अंग मोडून येण्याला ‘बदन टूटना’ आहे. आणि ‘हड़फूटन’ हा शब्द तर असा आहे की तो उच्चारताच हाडे फुटतात. कार्यालयात आम्ही जी हिंदी शिकलो तिच्यात यांतला एकही शब्द नव्हता. राजभाषा पंधरवड्यात ‘अधोहस्ताक्षरी’ आणि ‘यथोचित कार्रवाई’ शिकविली जाते. चिलक शिकविली जात नाही. बदलीच्या गावी राहणाऱ्या आमच्या बंधुवर्गाला आम्ही एवढेच सुचवू की, तमिळ असो, बंगाली असो की हिंदी, तेथील भाषेतली दहा दुखणी पहिल्या वर्षीच, अंग धड असताना शिकून घ्यावी.

मग आम्ही एक वही घातली. याच लखनौत १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मॅरिस कॉलेज काढले आणि गळ्यातून गळ्यात जाणारे गाणे कागदावर उतरविण्याची आपली स्वरलिपी येथे रुजविली. कोमल स्वराला खाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. इतक्या साध्या खुणा! त्यांच्या पायाची धूळ मस्तकी लावून आम्ही त्या दुखण्यासाठी उसन्या घेतल्या. ‘ठ’ म्हणजे ठणका, ‘क’ म्हणजे कळ, ‘आं’ म्हणजे आंबणे. सौम्य असल्यास खाली रेघ, तीव्र असल्यास वर टिंब. शेजारी वेळ, झोप आणि सूज दिसली की नाही ते. गृहिणीने वही चाळून ‘हा राग कोणता?’ असे विचारले. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

पुढे एका मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ती वही शेवटपर्यंत पाहिली. सुलतानपूरकडच्या असाव्या, अवधीचा हेल होता. प्रत्येक खुणेला त्या आपला शब्द लावून पाहत आणि ‘यह वाला?’ असे विचारत. ‘आं’ची रांग वहीत सर्वांत लांब होती आणि तिच्याशेजारी सूज कोठेच नव्हती. त्यांनी स्टेरॉइड हळूहळू काढून टाकले, मेथोट्रेक्सेट मूळ मात्रेवर आणले, रात्रीसाठी एक लहानशी गोळी दिली आणि रोज सात मिनिटे चालावयास सांगितले. सात म्हणजे सातच. आठवे मिनिट पुढल्या आठवड्यात. बेरीज आजही फुगलेलीच येते, पण आता ती कशाने फुगते हे कागदावर लिहिलेले असते.

कार्यालयातील एका स्नेह्यांनी विचारले, सूज नाही, झीज नाही, मग हे तिसरे दुखणे खरे कशावरून? प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. ते सिग्नल शाखेतले, म्हणून आम्ही त्यांच्याच भाषेत उत्तर दिले. पावसात खडी भिजली, विजेची गळती झाली की ट्रॅक सर्किट बिघडते. रुळावर गाडी नसते, पण गाडी आहे असेच ते कळविते आणि सिग्नल लाल होतो. गाडी खोटी, पण लाल दिवा खोटा असतो काय? ड्रायव्हरला थांबावेच लागते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली या प्रकारासाठी स्वतंत्र संज्ञा मान्य केली आहे: इजा दाखविता येत नाही, मज्जातंतू तुटलेला नाही, तरी वेदना वाहून नेणारी यंत्रणाच बदललेली आहे. स्नेही थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग मेंटेनन्स कोणाकडे?’ याहून नेमका प्रश्न आम्हांला कोणी विचारला नाही.

रेल्वेपाशी त्याचे उत्तर नाही. येथे माणूस एक तर ‘सिक’ असतो, नाही तर ‘फिट’. सिकचा दाखला घेऊन अर्धपगारी रजेवर जावे, फिटचा दाखला आणून कामावर रुजू व्हावे. मध्ये तिसरे स्टेशन नाही. आम्ही सकाळी नऊला सिक असतो, अकराला फिट, चारला पुन्हा सिक, आणि त्या सर्व काळात खुर्चीवर बसून टिपणे लिहीत असतो. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या कायद्यात एकवीस प्रकार दिले आहेत. त्यांत वेदना हा प्रकार नाही, आणि सवलतींसाठी जे चाळीस टक्के लागतात ते सांधा किती वाकतो यावरून मोजतात, वाकताना काय होते यावरून नव्हे. नाही म्हणावयास, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची जी नवी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात दीर्घकालीन वेदनेला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. क्रमांक मिळाला म्हणजे फाइल उघडते. फाइल उघडली म्हणजे केव्हा तरी ती सरकते. आम्हां सरकारी नोकरांची श्रद्धा इतपतच असते.

भिगवणची हकीकत येथे सांगितली पाहिजे. पुणे-सोलापूर मार्गावरचे हे गाव. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात म्हणून पुष्कळांना ठाऊक आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना ‘तुमचे काय दुखते?’ एवढा प्रश्न विचारला. सुमारे अठरा टक्के लोकांचे सांधे वा स्नायू दुखत होते. आमवात त्यांत थोड्यांना होता. बहुतेकांचे दुखणे झिजेचे, स्नायूंचे, किंवा कोणत्याच ठाम नावाखाली न बसणारे निघाले. दवाखान्यात बसून मोजले असते तर ही माणसे मोजलीच गेली नसती. कोणीतरी उंबऱ्याशी आले, त्यांच्या भाषेत विचारले, म्हणून ती कागदावर आली.

आमच्या उंबऱ्याशी रोज एक बाई येतात. भांडी घासतात, लखनौच्या भाषेत त्यांना महरी म्हणतात. त्यांचे गाव उन्नावकडे. ‘गोड़ पिरात हैं, भैया,’ असे त्या पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा आमच्या मराठी कानाला त्यात काहीतरी गोड असावेसे वाटले. गोड़ म्हणजे पाय, आणि पिरात म्हणजे पीडा देत आहेत. त्यांचे पाय पिरात आहेत, कंबर पिरात आहे, मान वळत नाही. सिकचा दाखला त्यांच्या नोकरीत नाही. न येणे म्हणजे पैसे कापणे, आणि आमच्या शेजारची काही मंडळी ते कापतात. उन्नाव जिल्ह्याच्या काही भागांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानक ब्यूरोने लिटरला एक मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, आणि पाण्याची दुसरी सोयच नसेल तर दीड. वर्षानुवर्षे त्याहून जास्त पोटात गेले म्हणजे पाठीचा कणा आणि सांधे ताठरतात, आणि ते दुखणे थेट संधिवातासारखे दिसते. बाईंचे तसेच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण लहानपणी पाणी कोणत्या पंपाचे प्यालात, हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. बाजारातल्या दुकानातून ‘दर्द की गोली’ मात्र गेली सहा वर्षे चालू आहे.

गृहिणीने त्यांच्यासाठी वहीची दोन कोरी पाने काढून ठेवली आहेत. बाई लिहीत नाहीत. त्या सांगतात आणि गृहिणी मराठी अक्षरांत अवधी लिहून घेते. काल त्यांनी एक नवा शब्द दिला, तो अजून आम्हां दोघांनाही नीट उमगलेला नाही. बोटांनी दंडावर मुरडल्यासारखे करून त्यांनी तो दाखविला. पुढल्या गुरुवारी त्यांची तारीख आहे. पर्चा काढावयास सकाळी सहाला रांगेत उभे राहावे लागते, आणि सकाळी सहाला आमची बोटे ताठरलेली असतात. तेव्हा रांगेत गृहिणी उभी राहील आणि वही घेऊन आम्ही आठ वाजता पोहोचू.